पळसाचा रंग

फाल्गुन महिना लागला की लाखांदूरच्या आसपासचे पळस फुलू लागतात. धान केव्हाच कापून झालेले असते. बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, कुठे लाखोरी काढणीला आलेली असते आणि धुऱ्यांवरचे पळस केशरी फुलांनी भरून जातात. आपल्या उर्दूत या फुलाला 'टेसू' म्हणतात. मराठीत एक म्हण आहे, 'पळसाला पाने तीनच.' कोठेही जा, स्थिती सारखीच, असा तिचा अर्थ. पण फाल्गुनात ती तीन पानेही झाडावर राहत नाहीत, हे म्हण करणाऱ्याच्या ध्यानात राहिले नसावे.

माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. होळीच्या आठ दिवस आधीपासून आमच्या वर्गात अभ्यासाकडे फारसे कोणाचे लक्ष नसे. मुले घरोघरी शेणाच्या चाकोल्या करीत. चाकोली म्हणजे मध्ये भोक ठेवून वाळवलेली लहानशी गोवरी. त्यांच्या माळा ओवून त्या होळीला वाहत. मला गोठा नव्हता, पण शेजारच्या काकूंच्या गोठ्यातले शेण सर्वांचेच होते. माझ्या चाकोल्या नेहमी वाकड्या होत आणि भोकाजवळ चिरत. बाजारात साखरेच्या गाठ्या टांगलेल्या दिसत. काकू त्यांच्या मुलांसाठी गाठ्या आणीत तेव्हा माझ्यासाठीही एक आणीत.

आमच्या गुरुजींचा एक नियम होता. शाळेत रंग खेळायचा तो पळसाचाच. आदल्या दिवशी आम्ही पोती घेऊन फुले वेचायला जात असू. मोठ्या गंजात पाणी उकळून त्यात फुले टाकायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पाणी पिवळेधमक झालेले असे. गुरुजी त्यात चिमूटभर चुना टाकत आणि पिवळा रंग पाहता पाहता केशरी होई. ते पाहण्यासाठी आम्ही गंजाभोवती एकमेकांना ढकलत असू. हा रंग दोन-तीन अंघोळींत निघून जाई. गावातली मोठी मुले लावीत तो चंदेरी रंग आठ-आठ दिवस कानामागे राहत असे.

मी पाचवीत असताना पहिल्या वर्षी व्हरांड्यातच उभा राहिलो होतो. घरून कोणी मनाई केली नव्हती, पण परवानगीही कोणी दिली नव्हती. माझा वर्गमित्र वाटी घेऊन आला आणि म्हणाला, "लावू का?" मला उत्तर सुचेना. गुरुजींनी ते पाहिले. ते म्हणाले, "घर जवळच आहे. जा, अम्मीला विचारून ये. नाही म्हणाली तर येथे बसून गाठी खा." मी धावत गेलो. अम्मी भाजी चिरत होती. ती म्हणाली, "खेळ. पण मगरिबच्या आधी अंघोळ करून धुतलेले कपडे घाल." एवढेच. मी तसाच धावत परतलो तेव्हा माझा मित्र वाटी हातात धरून उभाच होता.

हा प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे. त्यानंतर दोन वर्षांनी जे घडले ते मात्र मी फारसे कोणाला सांगत नाही.

सातवीत मी रंगात तरबेज झालो होतो. माझ्याकडे बांबूची पिचकारी होती. त्या दिवशी आमच्या वर्गातला एक मुलगा हातपंपाजवळ एकटा बसला होता. त्याच्या डोक्यावर नुकतेच केस उगवत होते. ते मला दिसले, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. तो "नको, नको" म्हणत असताना मी मागून जाऊन पिचकारी त्याच्या अंगावर रिकामी केली. सगळे हसले. तो हसला नाही, रडूही लागला नाही. शर्ट पिळत उठला आणि घरी निघून गेला. नंतर कळले की पंधरा दिवसांपूर्वी त्याचे आजोबा वारले होते. त्या घरात त्या वर्षी कोणी रंग खेळणार नव्हते.

मला दुसऱ्याच्या सणात घेताना मित्राने विचारले होते. त्याच सणातल्या मुलाला मी विचारले नाही. त्याला काय विचारायचे, त्याचाच तर सण आहे, असे मी गृहीत धरले होते. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला आत बोलावले, पाणी दिले. शर्टाविषयी कोणी शब्द काढला नाही, आणि मलाही तेथे तोंड उघडता आले नाही.

'होळी आहे, वाईट वाटून घेऊ नका' असे म्हणण्याची रीत आहे. माझे या रीतीशी पटत नाही. वाईट वाटावे की नाही हे ज्याच्या अंगावर रंग पडतो त्याने ठरवायचे असते, ज्याच्या हातात पिचकारी असते त्याने नव्हे. दुसरीकडे आपल्यात काही लोक म्हणतात की मुसलमान मुलाने होळीच्या दिवशी घराबाहेरच पडू नये. त्यांचेही मला पटत नाही. मी मौलवी नाही आणि कोणाच्या घरातला नियम मोडा असे तुम्हांला सांगणार नाही. ज्याला खेळायचे नाही त्याने खुशाल खेळू नये. पण न खेळणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या आनंदाकडे पाठ फिरवणे वेगळे. नझीर अकबराबादी आग्र्यात मुलांना शिकवून पोट भरत. त्यांनी ईद आणि शब-ए-बरातवर कविता लिहिल्या, तशाच होळी आणि दिवाळीवरही लिहिल्या. ते १८३० साली वारले. आजही उर्दू शिकणाऱ्याला त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

माझ्या शाळेच्या दिवसांत एक गोष्ट सोपी होती. तेव्हा रमजान थंडीच्या सुमारास येई आणि होळी उन्हाच्या तोंडावर. हिजरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. हिंदू पंचांगात अधिक महिना धरतात, म्हणून होळी मार्चच्या आसपासच राहते. त्यामुळे सुमारे तेहतीस वर्षांनी दोघांची गाठ पुन्हा पडते. १९९२ आणि १९९३ साली होळी रमजानमध्ये आली होती. मग ती आली २०२४ आणि २०२५ साली. २०२५ मध्ये तर धुळवड १४ मार्चला होती आणि तो शुक्रवार होता. रोजा, जुमा आणि रंग, तिन्ही एकाच दिवशी.

त्या आठवड्यात वर्गातल्या मुलांनी मला विचारले, "सर, रस्त्यात कोणी रंग टाकला तर काय करायचे?" मी म्हणालो, "आधीच सांगा की रोजा आहे, नमाजला जायचे आहे. तोंड फिरवून पळू नका, थांबून सांगा." एक मुलगा म्हणाला, "आणि सांगूनही टाकला तर?" मला हातपंपाजवळचा तो मुलगा आठवला. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. पिचकारीची सगळी हकीकत सांगितली, ती कोणाच्या हातात होती हेही सांगितले. वर्ग गप्प झाला. मग तोच मुलगा म्हणाला, "सर, तो पुन्हा तुमच्याशी बोलला का?"

बोलला. पुढच्या वर्षी आठवीत तो स्वतःच वाटी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "या वर्षी चालते. लाव." मी एक बोट बुडवून त्याच्या कपाळाला टेकवले. त्याने मात्र उरलेली वाटी माझ्या डोक्यावर ओतली.

२०२५ च्या होळीच्या संध्याकाळी, मगरिबच्या थोडे आधी, काकूंचा नातू पुरणपोळ्यांची थाळी घेऊन आमच्या दारात आला. "आजीने विचारले आहे, आता ठेवू की अजान झाल्यावर आणू?" आम्ही ठेवून घेतली आणि खजुरानंतर ती खाल्ली. अम्मीने थाळी धुतली, पण रिकामी परत पाठवली नाही. ३१ मार्चला ईद झाली, शीरखुर्मा झाला, तोपर्यंत ती थाळी आमच्याच फडताळात होती.