चाळिशी ओलांडलेल्या डिझायनरांना

पंधरा-वीस वर्षं डिझाइनचं काम केलेल्या माणसाने डॉक्टरेटचा विषय काढला, की घरात आणि स्टुडिओत एकच प्रश्न येतो: आता कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि अर्ज भरायच्या आधी त्याचं उत्तर तुमच्यापाशी असायला हवं. नावामागे ‘डॉ.’ लागावं हे उत्तर पुरेसं नाही. क्लायंटचा कंटाळा आला, हेही नाही. पुढे पूर्णवेळ शिकवायचं आहे हे कारण चांगलं आहे. पण चार-पाच वर्षं रात्री दहानंतर पुन्हा टेबलाशी बसायला लावेल एवढा जोर त्यातही नसतो. तो जोर फक्त प्रश्नात असतो.

असा प्रश्न तुमच्याकडे बहुधा आहे. कामागून काम तो समोर येतो, तुम्ही अंदाजाने तो सोडवता आणि पुढे जाता. त्याचं उत्तर शोधायला कोणताच क्लायंट पैसे देत नाही. प्राथमिक शाळेची पुस्तकं मांडणाऱ्या डिझायनरचं उदाहरण घेऊ. ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ह्म’ अशी जोडाक्षरं एकाखाली एक रचायची की पाय मोडून शेजारी शेजारी लिहायची, हा निर्णय तो पानोपानी घेतो. कधी फाँटमध्ये जे आहे ते चालवून घेतो, कधी संपादकांचं ऐकतो, बऱ्याचदा स्वतःच्या डोळ्यावर विसंबतो. पण तिसरीतली मुलगी कुठे जास्त अडखळते? घरी मराठी बोलणारी आणि न बोलणारी मुलं यांत फरक पडतो का? अक्षराचा आकार वाढवला तर अडखळणं कमी होतं का? हा डॉक्टरेटचा विषय आहे, आणि तो त्या डिझायनरलाच सुचू शकतो. ‘शिक्षणात डिझाइनचं महत्त्व’ हा विषय कुणालाही सुचेल. म्हणूनच तो घेऊ नका.

आपल्याकडे कामातून उठलेल्या अभ्यासाची परंपरा आहे, ती आपण विसरतो. बापूराव नाईक हे सरकारी मुद्रणातले गृहस्थ. देवनागरीच्या मुद्राक्षरांवरचा त्यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला. छापखान्यात अक्षरांचे खिळे कसे जुळतात, कुठे अडतात, हे जवळून पाहिलेल्या माणसाचाच तो ग्रंथ आहे. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात अनेक वर्षं काम करून १९८३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन केंद्रात शिकवायला आले. संगणकावर ज्याने असंख्य लोक मराठी वाचू लागले, तो ‘मंगल’ फाँट त्यांचाच. आधी काम आणि मग त्या कामाचा पद्धतशीर विचार, हा क्रम या दोघांच्या आयुष्यात दिसतो. तुम्ही त्याच क्रमाने निघाला आहात. उशीर झाला असं मानू नका.

परदेशातही हे दिसतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले ब्रूस आर्चर मूळचे अभियंता. १९६०च्या दशकात त्यांच्या गटाने रुग्णालयातल्या खाटेचा अभ्यास केला. परिचारिका दिवसभर तिच्याशी काय काय करतात ते पाहिलं, नमुने तयार केले आणि ते वॉर्डात प्रत्यक्ष वापरून तपासले. त्यातून आलेली ‘किंग्ज फंड’ खाट ब्रिटनच्या रुग्णालयांत प्रमाण ठरली. डिझाइनच्या प्रक्रियेची रचना या विषयावरचा आर्चर यांचा प्रबंध १९६८चा, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीतला. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात लिऑन व्हान स्काइक यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस नामवंत वास्तुविशारदांना बोलावलं आणि स्वतःच्याच आजवरच्या कामाचा अभ्यास करायला सांगितलं. तिथे उमेदवार ठरावीक काळाने आपलं काम समीक्षकांसमोर आणि इतर उमेदवारांसमोर मांडतो. शेवटी प्रबंधाबरोबर कामाचं प्रदर्शन असतं आणि परीक्षा खुल्या सभेत होते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात नोकरी-व्यवसाय चालू ठेवणाऱ्यांसाठी ‘डॉक्टर ऑफ डिझाइन’ अशी वेगळी पदवीच आहे.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची वाट पीएच.डी.चीच आहे. आयआयटी मुंबईची आयडीसी, अहमदाबादची एनआयडी, आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग इथे ती करता येते. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे. विद्यापीठांना लागू असलेले यूजीसीचे २०२२चे नियम थोडक्यात असे: किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. त्यासाठी मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही. घरबसल्या डॉक्टरेट देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आता खरी अडचण, जिच्याबद्दल प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी बोलत नाही. पोर्टफोलिओत आपण जमलेलं काम दाखवतो आणि बघणाऱ्याला ते आवडलं की विषय संपतो. प्रबंधात तेच काम पुरावा म्हणून ठेवावं लागतं. हा रंग का निवडला, दुसरा कोणता बाजूला ठेवला, तो बाजूला ठेवल्याने वापरणाऱ्याचं काय बिघडलं किंवा सुधारलं, हे कसं कळलं? ‘अनुभवाने कळतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पंचविशीतल्या सहाध्यायीसमोर हे ऐकताना त्रास होतो. तो सोसा. ज्या निर्णयाबद्दल तुम्हाला पुरस्कार मिळाला तोच तपासात कच्चा निघाला, तर तेही प्रबंधात लिहा. परीक्षकाचा विश्वास त्यानेच बसतो, आणि पुढच्या डिझायनरला उपयोगही त्याचाच होतो.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर जाऊ नका, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. सर किंवा मॅडम मसुदा वाचून किती दिवसांत परत देतात, बाहेर काम करणाऱ्याला वेळ देतात का, हे त्यांनाच ठाऊक असतं. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत विद्यार्थी असू शकतात, तुमच्या वाट्याला किती वेळ येईल याचा हिशोब आधीच करा. क्लायंटचं काम प्रबंधात वापरायचं असेल तर लेखी परवानगी काम चालू असतानाच घ्या. नंतर माणसं बदलतात, कंपन्या विकल्या जातात, आणि तुमचं अख्खं प्रकरण अडकून पडतं.

घरी स्पष्ट बोला. फीपेक्षा जास्त नुकसान नाकारलेल्या कामांमुळे होतं, तो आकडा जोडीदारासमोर मांडा. मुलाची दहावी, आईचं आजारपण अशी वर्षं टाळता आली तर टाळा. आठवड्यातला एक पूर्ण दिवस अभ्यासासाठी राखता येत नसेल, तर वर्षभर थांबा आणि आधी ते जमवा. रोज अर्धा तास काढून संशोधन होत नाही, विचाराचा धागा दर वेळी नव्याने शोधावा लागतो.

इंग्रजी लिहिण्याचं दडपण पुष्कळांना असतं, विशेषतः कला महाविद्यालयातून आलेल्यांना. नोंदी मराठीत ठेवा. विचार जिथे स्पष्ट होतो त्या भाषेत तो आधी उतरू द्या. इंग्रजी मसुदा त्यावरून करता येतो, आणि भाषा तपासायला माणूस मिळतो. विचार उसना मिळत नाही.

प्रवेशाची वाट बघत बसू नका. हातात आहे त्याच कामाची नोंदवही आजपासून ठेवा: तारीख, घेतलेला निर्णय, कारण, टाकून दिलेले पर्याय. रद्द केलेली रेखाटनं फेकू नका, त्यांवर तारखा घाला. सहा महिन्यांनी ती वही वाचा आणि जो प्रश्न तीनदा-चारदा आलेला दिसेल तो एका पानावर मांडा. तो कुणाला पडतो, आज त्यावर काय केलं जातं आणि तुम्ही तो कसा तपासाल, एवढंच त्या पानावर असू द्या. पुरस्कारांची यादी नको. ते पान घेऊन मार्गदर्शकाची वेळ मागा.