आपत्तीची पदवी, काउंटीच्या कॉलेजात

अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचा, म्हणजे ‘फेमा’चा, सर्वाधिक नावाजला गेलेला प्रमुख पदवीधर नव्हता आणि सर्वाधिक बदनाम झालेला प्रमुख वकिलीची पदवी घेऊन आला होता. जेम्स ली विट हे आर्कान्सामधले बांधकाम व्यावसायिक. ते यल काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निवडून आलेले कारभारी झाले, पुढे राज्याच्या आपत्ती विभागाचे प्रमुख झाले आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना फेमाचं प्रमुखपद देऊन वॉशिंग्टनला नेलं. मायकेल ब्राउन यांची फेमात येण्याआधीची बरीच वर्षं अरबी घोड्यांच्या एका संघटनेत स्पर्धांच्या पंचांवर देखरेख करण्यात गेली होती. २००५ च्या ऑगस्टअखेर कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं, हजाराहून जास्त माणसं दगावली आणि पंधरवड्यात ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. फेमाच्या प्रमुखाला आपत्ती व्यवस्थापनाचं ज्ञान हवं, त्यातली क्षमता दिसलेली हवी आणि नेतृत्वाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. पदवीचा त्यात उल्लेख नाही.

मग अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं याच विषयाची दोन वर्षांची पदवी कशासाठी देतात? आणि दिवसभर राबून आलेली माणसं संध्याकाळी ती घ्यायला का बसतात?

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकी शिक्षणातली सर्वांत कमी मिरवली जाणारी आणि बहुधा सर्वांत उपयोगी संस्था. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. आज अशी सुमारे हजार आहेत. प्रवेशाला चाळणी जवळजवळ नाही. साठेक क्रेडिट पुरे केली की दोन वर्षांची पदवी हाती येते. स्थानिक विद्यार्थ्याला वर्षाची फी सरासरी चार हजार डॉलरच्या आसपास पडते, म्हणजे चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठाच्या निम्म्याहून कमी. नर्स, वेल्डर, अँब्युलन्सवरचे कर्मचारी इथेच घडतात. आपत्ती व्यवस्थापन या रांगेत उशिरा आलं.

मेरीलँडमधली फ्रेडरिक काउंटी पाहण्यासारखी आहे. तिथल्या एमिट्सबर्ग गावात मुलींचं एक जुनं कॉलेज १९७३ मध्ये बंद पडलं. ती जागा केंद्र सरकारने घेतली आणि तिथे राष्ट्रीय अग्निशमन अकादमी व फेमाची आपत्ती प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ही संस्था काही तासांचे छोटे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि फुकट देते. त्याच काउंटीतलं फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज या अभ्यासक्रमांना कॉलेजची क्रेडिट देतं. एखादा स्वयंसेवक अग्निशामक (अमेरिकेतल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून अधिक स्वयंसेवकच असतात) रात्रपाळीच्या फावल्या वेळात जे शिकला, ते वाया न जाता पदवीत जमा होतं. कामात शिकलेल्याची नोंद ठेवायची ही रीत या शिक्षणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे.

वर्गात मात्र थरार फारसा नसतो. दोरावरून उतरणं, बोट चालवणं हे अग्निशमन दलात शिकायचं. इथे शिकवतात ते टेबलावरचं काम. १९७० च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले, सोळा माणसं गेली, सातशे घरं-इमारती जळाल्या. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की बंब होते, माणसं होती, पण प्रत्येक खात्याची भाषा वेगळी, वायरलेस वेगळा, साहेब वेगळा. त्यातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टीम’ जन्मली. प्रत्येक माणसाला एकच वरिष्ठ आणि एका वरिष्ठाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, शक्यतो पाच. ऐकायला हे शाळेतल्या कवायतीइतकं सोपं वाटतं. पण पूर चढत असताना चार खात्यांचे अधिकारी एकाच पुलावर उभे राहून चार वेगळे हुकूम देतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

त्याहून कंटाळवाणा आणि त्याहून मोलाचा भाग पैशाचा. राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली की १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली पात्र सार्वजनिक खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा केंद्र उचलतं. पण कधी? ढिगारा किती ट्रक गेला, कुठे टाकला, कोणत्या कर्मचाऱ्याने किती तास जादा काम केलं, कंत्राट कसं दिलं, याचे कागद असले तर. नोंदी नसल्या तर रस्ता साफ झाला तरी पैसे अडकतात आणि छोट्या काउंटीचं अंदाजपत्रक वर्षानुवर्षं लंगडतं. वादळाच्या बातम्यांत हा ट्रक मोजणारा कारकून कधी दिसत नाही. पदवी खरी त्याच्यासाठी आहे. बाकीचे विषय याच जातीचे: अफवा पसरण्याआधी लोकांना माहिती कशी द्यायची, निवाऱ्यात वृद्धांची औषधं कुठून आणायची, आणि नको असलेल्या मदतीचं, विशेषतः जुन्या कपड्यांच्या ढिगांचं, काय करायचं. हे ढीग आपल्याकडेही पुरानंतर पाहिलेले आहेत.

स्वयंसेवक अग्निशामक म्हणून सुरुवात करून, फ्लोरिडातल्या एका काउंटीचं आपत्तीचं काम सांभाळून पुढे २००९ मध्ये फेमाच्या प्रमुखपदी पोचलेले क्रेग फ्युगेट यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध आहे. ‘वॉफल हाउस’ ही दक्षिणेतली चोवीस तास उघडी असणारी नाश्त्याच्या हॉटेलांची साखळी. वादळानंतर तिथे सगळे पदार्थ मिळत असतील तर हिरवा, मोजकेच मिळत असतील तर पिवळा, हॉटेलच बंद असेल तर लाल. वीज, पाणी, पुरवठा आणि कामगार कामावर येऊ शकतात की नाही, हे सगळं त्या एका दारावर कळतं. असलं शहाणपण गाव ओळखणाऱ्यालाच सुचतं. काउंटीच्या कॉलेजाची बाजू भक्कम होते ती इथे.

या पदवीची जाहिरात जितकी गोड असते तितका बाजार मात्र गोड नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या हिशेबात आपत्ती व्यवस्थापन संचालकांच्या जागा देशभरात बारा-तेरा हजारांच्या आसपास. त्यांना सहसा चार वर्षांची पदवी लागते आणि वर अनुभव. काउंट्या तीन हजारांहून जास्त, पण लहान काउंट्यांत हे काम शेरीफ किंवा अग्निशमन प्रमुखच जोडीला करतो. म्हणजे शाळेतून थेट आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांच्या कागदावर या खात्याची खुर्ची मिळेल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहावं. त्यात २०२५ मध्ये ट्रम्प यांनी फेमाच मोडीत काढण्याची भाषा केली आणि तिच्या फेरविचारासाठी परिषद नेमली. केंद्राने हात आखडता घेतला तर ओझं राज्यांवर आणि काउंट्यांवर येईल. त्या ओझ्याला माणसं लागतील. पगाराचे पैसे असतील की नाही हे वेगळं.

भारताचा या कहाणीशी संबंध आहे. कॅलिफोर्नियाच्या वणव्यांतून निघालेल्या त्याच पद्धतीवर बेतलेल्या ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम’ची मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये काढली. जिल्ह्यात तिची सूत्रं जिल्हाधिकाऱ्याकडे असतात. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात ‘यशदा’ आहे, पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. आणि तळाशी ‘आपदा मित्र’ आहेत, बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक. मधली पायरी फारशी दिसत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रस्ता नसल्याने यंत्रं वर जाऊ शकली नाहीत. एनडीआरएफचे जवान, गिर्यारोहक, गावकरी चिखलातून चढले आणि हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर इथल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा अनुभव कुठल्याही अमेरिकी वर्गाला हेवा वाटावा असा आहे, पण कुठल्या विद्यापीठात तो जमा होतो?

सोय नाही असं म्हणता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. महाड, चिपळूण, कराड अशा ठिकाणच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग भरवायला नवी इमारत लागणार नाही. पोलीस पाटील, तलाठी, आपदा मित्र आणि बचाव पथकातली मुलं एकाच बाकावर बसतील, आणि पंचनामा ते निवारा हा सगळा कागद पावसाळ्याआधी शिकतील. अडचण वर्गाबाहेर आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचं पद अनेक ठिकाणी कंत्राटी आहे. तालुक्याला तर असं वेगळं पदच नाही, नायब तहसीलदाराच्या टेबलावर आणखी एक फाइल एवढंच त्याचं रूप. पदभरतीच्या जाहिरातीत ही पात्रता आणि बचावकार्याचा नोंदलेला अनुभव धरला जाईल, असा शासन निर्णय आधी निघायला हवा. अभ्यासक्रम त्यानंतर छापावा.