टायरची जन्मतारीख

काचीगुड्यात राहणाऱ्या माझ्या आत्येभावाने मागच्या आठवड्यात एका गुळगुळीत टायरचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : "दादा, स्लिक स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" त्याच्याकडे यामाहा आर-१५ आहे आणि पुढच्या महिन्यात तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डेसाठी चालला आहे. म्हणजे शर्यत नाही. पैसे भरायचे आणि ठरावीक वेळ मोकळ्या ट्रॅकवर गाडी पळवायची.

मी लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी टेम्पोत घालून नेणार की चालवत?" चालवतच. हैदराबादहून जाताना सहाशेच्या वर किलोमीटर, येताना तितकेच. मग स्लिकचा विषय तिथेच संपला. त्याला खाचा नसतात, त्यामुळे नेल्लोरच्या अलीकडे एक सर आली तरी पाणी बाहेर टाकायला जागा नाही. शिवाय तो तापल्याशिवाय पकडतच नाही. शर्यतवाले त्याला विजेची गरम ब्लँकेटं गुंडाळून ठेवतात, ती उगाच नाही. १५५ सीसीच्या हलक्या गाडीला तो तापवणं आणि तापलेला ठेवणं सोपं नाही.

बरं, ट्रॅकसाठीचा अगदी मऊ टायर घेतला तर? मग हायवेवर सरळ जाऊन जाऊन त्याचा मधला पट्टा झिजून सपाट होतो. वळणावर गाडी झुकवली की पायरी उतरल्यासारखं वाटतं. ट्रॅकवर नेमकं तेच नको असतं. म्हणून मी त्याला रस्त्यावरचाच, पण स्पोर्ट जातीचा रेडियल घ्यायला सांगितलं. पिरेलीचा डायब्लो रोसो घे, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क घे, खिशाला झेपेल तो घे. माप मात्र कंपनीचंच, मागे १४०/७०. बरीच पोरं दिसायला भारी म्हणून १५० घालतात. मूळ रिममध्ये तो आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि गाडी वळायला आळशी होते. फोटो चांगला येतो, एवढं खरं.

ब्रँडवर वाद घालायला मलाही आवडतं. पण मी पडलो तो ब्रँडमुळे नाही.

२०२३ साली मी त्याच ट्रॅकवर गेलो होतो. घरी सांगितलं होतं, मित्राचं लग्न आहे. जाण्याआधी एका दुकानात नावाजलेला टायर निम्म्या किमतीत मिळाला, आणि मी खूश. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ०८१९ होतं, म्हणजे २०१९चा आठवा आठवडा. चार वर्षं तो दुकानाबाहेर उन्हात टांगलेला असावा. रबर कडक झालं होतं, पण नवा कोरा दिसत होता, म्हणून मी पाहिलंच नाही.

सकाळचं पहिलं सत्र, दुसरा लॅप, डावं वळण. त्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची डावी कड उशिरा तापते. हे मला नंतर कळलं. मागचं चाक सुटलं आणि मी गाडीमागे घसरत गेलो. लेदर सूटमुळे वाचलो, मनगट मात्र मोडलं. लग्नाहून प्लास्टर घालून परत आलेला पाहुणा आईने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

म्हणून त्याला बजावलं : चार आकडे वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नवा टायर आधी शंभरेक किलोमीटर शांतपणे चालवायचा, त्याच्यावरचा चकचकीत थर जाऊ द्यायचा. हवेचा स्वतःचा गेज घ्यायचा, कारण पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. ट्रॅकवर हवा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून सुरुवात करायची, कारण टायर तापला की ती वाढते. प्रत्येक सत्रानंतर पुन्हा बघायची, आणि परत निघताना आठवणीने भरायची. पहिले दोन लॅप कोणी कितीही पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं.

काल त्याने दुसरा फोटो पाठवला. नवा टायर, आणि चार आकड्यांवर लाल गोल. तीन महिन्यांपूर्वीचा. खाली लिहिलं होतं, "आईला तू सांगशील?"

रविवारी आत्याकडे जेवायला चाललोय.