तबकडीची निगा



गेल्या पावसाळ्यात बोर्डीकडच्या एका वाडीत चिकूची फळगळ पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, ओटीवर चहा आला आणि पाहतो तो घरातले आजोबा मांडीवर मऊ फडके घेऊन ग्रामोफोनच्या तबकड्यांवरची बुरशी पुसत बसलेले. आपली दमट हवा चिकूला मानवते, तबकडीला नाही. मुलगा म्हणाला, "साहेब, हीच गाणी मोबाईलवर आहेत. भंगारात घाला म्हटले तर बाबा ऐकत नाहीत." आजोबा हसले. म्हणाले, "मोबाईलवर गाणी वाजतात रे. आम्ही ती लावीत होतो."

त्या शब्दाने मला तलासरीकडचे आमचे घर आठवले. वडील प्राथमिक शिक्षक. घरात चावीचा जुना ग्रामोफोन. रविवारी दिवेलागण झाली की वडील हातपाय धुऊन बसत. पेटी उघडायची, चावी द्यायची, जुनी सुई काढून नवी बसवायची. तबकडी कडेला धरून कागदी पाकिटातून काढायची, मखमलीच्या तुकड्याने गोल पुसायची आणि मग हलक्या हाताने सुई टेकवायची. एवढ्या खटाटोपानंतर गाणे जेमतेम तीन मिनिटांचे! पण त्या तीन मिनिटांत घरात कोणी बोलत नसे. पाड्यावरची माणसेही अंगणात येऊन बसत. त्यांतले एक म्हातारे तारपा वाजवणारे होते. ते म्हणत, "आमच्या तारप्याला फुंक, तुमच्या पेटीला चावी. फुकट कोणीच बोलत नाही."

आई गेल्यावर तिच्या आवडीची बालगंधर्वांची तबकडी वडील एकटेच लावीत. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. दिवाळीच्या सुटीत घरी आलो, तबकडी मळलेली दिसली. वडिलांना बरे वाटावे म्हणून औषधांच्या पेटीतले स्पिरिट कापसावर घेतले आणि ती चांगली घासून पुसली. पाहता पाहता तबकडी चिकट झाली, चकाकी गेली. संध्याकाळी सुई टेकवली तर नुसती खरखर! वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ही लाखेची आहे रे. तू तर शेतकी शिकतोस."

मान खाली गेली. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतो, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सारे मी परीक्षेत लिहिले होते. घरातल्या वस्तूत मात्र ती ओळखता आली नाही. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीत छापून येत. पण त्यांत लागणारी लाख मुख्यतः आपल्याच जंगलातली. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकची, एका बाजूला वीसेक मिनिटे वाजणारी तबकडी निघाली आणि पुढे लाखेची मागे पडली.

घरात जुन्या तबकड्या असतील तर एवढे करा. जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी बहुधा लाखेची समजा. तिला स्पिरिट कधीही लावू नका. प्लॅस्टिकच्या तबकडीची सुई तिला चालत नाही, तिची सुई जाड असते. कोणतीही तबकडी कडेला धरा, रेघांवर बोटे लावू नका, रेघांच्या दिशेनेच पुसा. थप्पी न लावता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ओल लागली म्हणून उन्हात वाळवू नका, वाकतात.

हा खटाटोप कशासाठी, असे मुले विचारतील. ज्या कामाला हात लागतो, त्याकडे लक्ष लागते. भाताचे बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात घालणारा, तरंगलेले पोचट बी काढणारा, बुडालेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवणारा शेतकरी आपले बियाणे ओळखतो. पोते फोडून तसेच पेरणाऱ्याला ते उगवल्यावरच कळते. तबकडीचेही तसेच आहे.

मात्र नुसती माया पुरत नाही. मीही मायेनेच ती तबकडी पुसली होती. वस्तू कशाची बनली आहे हे जाणून घेतले, तरच निगा ही निगा होते.

ती तबकडी आजही माझ्या कपाटात उभी आहे. वाजत नाही. पण दर दिवाळीला मी ती कोरड्या मखमलीने पुसतो, कडेला धरून.