नदीपलीकडची शाळा

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा बंदर असण्याचा प्रश्नच येत नाही. बेट मात्र आहे. पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात दाट झाडीचे जांभूळबेट आहे आणि सुटीच्या दिवशी लोक डबे घेऊन तिकडे जातात. हे झाले नकाशावरचे बेट. नकाशात नसलेली बेटे पावसाळ्यात तयार होतात. पालमहून जांभूळबेटाकडे निघाले की वाटेत लेंडी नदी आडवी येते. तिच्या पुलावरून पाणी गेले की फळा, आरखेड, घोडा, सोमेश्वर, उमरथडी अशा गावांचा ‘संपर्क तुटला’, ही बातमी आपण इतक्या पावसाळ्यांत वाचली आहे, की ती वाचताना हातातला चहाचा कप कोणी खाली ठेवत नाही.

संपर्क तुटतो म्हणजे नेमके काय होते? दूध पलीकडे राहते. दिवस भरलेली बाई अलीकडे येऊ शकत नाही. आणि शाळा उघडत नाही, कारण गुरुजी नदीच्या या बाजूला असतात.

त्या गुरुजींपैकी मी एक होतो. म्हणून २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्याचा प्रश्न काढला, तेव्हा निवृत्त झालेला असूनही मला स्वस्थ बसवेना. शिक्षक नेमणुकीच्या गावी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता घेतात, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर शिक्षक चिडले, औरंगाबादेत मोर्चा निघाला. गावोगावच्या पारावर मात्र लोक हसले. गुरुजी ‘अपडाऊन’ करतात हे त्यांना विधानसभेने सांगायची गरज नव्हती.

मी १९८७ साली नदीपलीकडच्या एका गावात रुजू झालो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे हयात आहेत आणि मी जे सांगणार आहे त्यात त्यांचा काही दोष नाही. माळवदाच्या घरातली दोन खणांची खोली भाड्याने मिळाली. संध्याकाळी सातवीची मुले कंदील घेऊन अभ्यासाला यायची. कोणाच्या घरी बैल दगावला, कोणाचा बाप ऊसतोडीला निघाला, कोणत्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन गेले, हे सगळे मला न विचारता कळायचे. हजेरीपटावर जे कधीच उमटत नाही, ते त्या खोलीत कळायचे. चार वर्षे अशी गेली.

१९९१ च्या श्रावणात माझी दीड वर्षाची मुलगी उलट्या-जुलाबाने आजारी पडली. गोदावरी दुथडी भरलेली होती. अशा वेळी ओढ्या-नाल्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जाते. रात्रभर आम्ही मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजत बसलो. सकाळी शेजारच्या आप्पांनी गुळाची काहील ओढून आणली. “गुरुजी, तुम्ही मधी बसा, पोरीला घट्ट धरा, अन् पाण्याकडं बघू नगा,” म्हणाले. पोहणारे चौघे काहिलीच्या कडेला होते. मुलगी वाचली. आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते.

पण पुढच्या जूनमध्ये पत्नीने गंगाखेडला खोली पाहिली. “तुम्ही राहा हवं तर. मी लेकराला घेऊन पुन्हा पाण्याकडे बघत रात्र काढणार नाही,” एवढेच ती म्हणाली. मीही राहिलो नाही. गंगाखेडला दवाखाना होता, माध्यमिक शाळा होती, बाजार होता आणि मुख्य म्हणजे रेल्वे होती. आमच्याकडे बंदराचे काम स्टेशनच करते. परभणी, पूर्णा, सेलू, गंगाखेड ही आमची बंदरे. माणूस तिथे एकदा पोचला की पुढे कुठेही जाऊ शकतो, या भरवशासाठी तो तिथे खोली घेतो. मग सात वर्षे मी एसटीने आणि जीपने अपडाऊन केले, आणि दरवर्षी मुख्यालयी राहत असल्याच्या कागदावर सही केली.

त्या सात वर्षांत माझे शिकवणे बिघडले असे मला वाटत नाही. पाठ वेळेवर व्हायचे, निकालही वाईट नव्हता. बिघडले ते वेगळेच. सहावीत गणिताला फार हुशार असलेली एक मुलगी जूनमध्ये शाळेत आली नाही. चौकशी केली तर वैशाखात तिचे लग्न झाले होते. मी गावात असतो तर ते थांबले असते असा माझा दावा नाही. पण मला निदान आधी कळले असते, मी तिच्या बापाच्या ओसरीवर जाऊन बसलो असतो. साडेपाचच्या जीपने परतणाऱ्या माणसाला ओसरीवर बसता येत नाही.

म्हणूनच शिक्षकांना सरसकट कामचुकार ठरवणारे आणि ‘आम्ही कुठेही राहू, शिकवण्याशी मतलब’ म्हणणारे, या दोघांचेही मला पटत नाही. गावात राहण्याने शाळेत काहीतरी भर पडते, हे मी दोन्ही करून पाहिल्यामुळे छातीठोकपणे सांगू शकतो. पण ती भर घालण्याची किंमत एकट्या शिक्षकाच्या लेकराने मोजावी, हे कुठले शहाणपण?

ग्रामविकास खात्याने २०१९ मध्ये मुख्यालयी राहण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा पुरावा मागितला. कागदावर हा उपाय चोख दिसतो. प्रत्यक्षात आधी एकटे गुरुजी खोटे लिहीत होते, आता त्यात ग्रामसभेलाही ओढले. सरपंच तरी ठराव कसा अडवणार? त्याची स्वतःची मुले गंगाखेडला नाही तर परभणीला खोली करून शिकत असतात, सोबत आजी स्वयंपाकाला असते. ज्याला परवडते तो शेतकरी मुलांना स्टेशनच्या गावी ठेवतो, कारण गुरुजी गावात नाहीत. आणि गुरुजी गावात नाहीत, कारण त्यांच्या मुलांसाठीही तिथे पुढची शाळा नाही. मागे उरतात ती मुले, ज्यांच्या घरात असे काही ठरवण्याची ऐपतच नाही.

खऱ्या बंदराजवळही असेच घडले आहे. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरीला पोचता येते. लेणी पाहायला देशोदेशीचे लोक जातात. त्या बेटावरच्या तीन छोट्या वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत! समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना सत्तर वर्षे अंधारात काढावी लागली. तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, मध्ये पाणी किती आणि ते ओलांडायची सोय काय, हे पाहावे लागते.

गंमत म्हणजे सरकारला हे कळत नाही असेही नाही. २०१७ च्या बदली धोरणात ‘अवघड क्षेत्र’ आले आणि तिथे तीन वर्षे काढणाऱ्याला बदलीचा अधिकार मिळाला. २०२१ मध्ये त्यासाठी सात निकष ठरले. त्यांत नैसर्गिक आपत्तीमुळे संपर्क तुटणारा प्रदेश हा निकष आहे, रस्त्यांचा अभाव आहे, मोबाइलची रेंज नसलेल्या भागासाठी ‘संवादछायेचा प्रदेश’ असा काव्यमय शब्दही आहे. पण सातांपैकी तीन निकष जुळले पाहिजेत. आमच्याकडे डोंगर नाही, वाघ नाही, नक्षलवादी नाहीत. फक्त दरवर्षी पाणी येते. आणि निकष जुळले तरी मिळणारे बक्षीस कोणते, तर तिथून लवकर सुटका. राहणाऱ्याला राहावेसे वाटेल असे त्यात काय आहे?

माझे मागणे साधे आहे. जिथे नदी आडवी येते तिथे आधी उंच पूल, मग शाळेशेजारी दोन खोल्यांचे, संडास-पाण्याची सोय असलेले शिक्षक निवास. त्यानंतर जो खरोखर राहील त्याला घसघशीत भत्ता, जो राहणार नाही त्याला तो नाही, आणि त्याच्याकडून खोटा कागदही नको. दूरच्या तीन-चार गावांपुरते एवढे करणे जिल्हा परिषदेला अशक्य नाही. त्याऐवजी २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला, मुलांना वाहनाने नेऊ म्हणाले. ते वाहन ऑगस्टमध्ये पुलाच्या कोणत्या बाजूला उभे राहील, हे ठरवणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन पाहावे.

गेल्या दिवाळीत त्या गावी गेलो होतो. आप्पा राहिले नाहीत. काहील त्यांच्या नातवाच्या गोठ्यात गुरांच्या पाण्याला ठेवलेली आहे. शाळेत नवीन बाई आल्या आहेत, कोकणातल्या, पहिलीच नेमणूक. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा. त्यांनी गंगाखेडला एक खोली बघून ठेवली होती आणि गावातही एक. “सर, तुम्ही इथे कुठे राहायचात?” त्यांनी विचारले. मी ते माळवद दाखवले, आणि काहीलही दाखवली. कोणती खोली घ्या, हे मी सांगितले नाही. पावसाळ्यापुरते तरी बाळाला गंगाखेडला ठेवा, एवढे मात्र सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग त्याच्याजवळ कोण राहणार?”