गीतरामायणाचा क्रम आणि खिशातील यंत्र

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलास रामकथा आजीच्या तोंडून ऐकावयास मिळणे हे आता दुर्मिळ भाग्य झाले आहे. अनेक घरांत आजीचे ते काम ‘गीतरामायण’ करीत असते. मोटारीतून शाळेस जाताना, अथवा आईचा हात स्वयंपाकात गुंतलेला असताना, मोबाईलमधून किंवा खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रातून ती गीते मुलांच्या कानी पडतात. परंतु ती कोणत्या क्रमाने पडतात, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

ग. दि. माडगूळकरांनी रचिलेली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही गीते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, सुरू झाली व १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढील रामनवमीस, संपली. आठवड्यास एक गीत. मध्ये अधिक मास आल्यामुळे एकूण ५६. पुढचे गीत आधी ऐकण्याची सोयच श्रोत्यास नव्हती. पुढे तबकड्या व कॅसेटी आल्या, त्यांवरही गीतांची ओळ ठरलेलीच असे. क्रम सांभाळण्याचा भार ऐकणाऱ्यावर पडला तो फाईली एका यंत्रातून दुसऱ्यात उतरविण्याची सोय झाल्यापासून.

यंत्रास कथा ठाऊक नसते. त्यास अक्षरे ठाऊक असतात. गीतांस क्रमांक दिलेले नसले की ते त्यांना नावाच्या आद्याक्षराप्रमाणे उभे करते. मग ‘भूवरी रावणवध झाला’ हे गीत ‘राम जन्मला ग सखी’च्या आधी लागते आणि ‘सेतू बांधा रे सागरी’ त्याहूनही नंतर! नावे देवनागरीत असोत वा रोमन लिपीत, या तीन गीतांची गत तीच होते. रामाचा जन्म होण्यापूर्वीच रावण मरतो, आणि सेतू बांधण्याचे प्रयोजन संपल्यावर वानरसेना दगड वाहू लागते.

याहून मौजेचा प्रकार पहिल्या व शेवटच्या गीताचा. कुश-लव रामासमोर गातात ते ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ पहिले, आणि वाल्मीकी त्या बालकांस गाण्याची आज्ञा देतात ते ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ शेवटचे. आद्याक्षरांच्या हिशेबाने शेवटचे गीत पहिल्याच्या कितीतरी आधी येते. एखादा चिकित्सक म्हणेल, की काळाच्या दृष्टीने आज्ञा आधी आणि गायन नंतर, तेव्हा यंत्राचेच बरोबर! परंतु कवीने ती आज्ञा जाणूनबुजून शेवटी ठेविली आहे, म्हणजे कथा संपते तेथूनच ती पुन्हा गावयास निघते. आणि संगीतकाराने त्या गीतास भैरवी दिली आहे. मैफलीचा आरंभ भैरवीने झालेला कोणा रसिकास रुचेल?

प्रत्येक गीत स्वतंत्र आहे, कोठूनही ऐकावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या मनात रामकथा आधीच रुजलेली आहे त्यांच्यापुरते ते खरेही आहे. विस्कटलेली गीते ते मनातल्या मनात जागच्या जागी ठेवितात. मुलाजवळ तसे मन अद्याप घडलेले नसते. यंत्र देईल तोच त्याच्या लेखी कथेचा क्रम. पाश्चात्त्य गायकांनाही ही गोष्ट जाणवली आहे. २०२१ साली ॲडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आपोआप पुढे येणारे शफलचे बटन मागे घेतले. तो अल्बम होता केवळ बारा गाण्यांचा!

उपाय फारसा अवघड नाही. फाईलच्या नावाआधी क्रमांक घालावा, पण १, २, ३ असा नव्हे. ०१, ०२, ०३ असा. पुष्कळ यंत्रे आकडाही अक्षरासारखा डावीकडून वाचतात. त्यामुळे १ नंतर १० ते १९ येतात आणि दुसरे गीत बाराव्या जागी जाऊन बसते. फाईलच्या पोटात माहितीचा जो टॅग असतो त्यातही क्रमांक भरावा. १९९६ साली निघालेल्या पहिल्या टॅगमध्ये गीताचा प्रकार लिहिण्यास जागा होती, क्रमांकास नव्हती. ती पुढच्या सुधारणेत आली. संच अनेक तबकड्यांवरून उतरविला असेल, तर प्रत्येक तबकडीचे पहिले गीत ‘१’च असते, म्हणून तबकडीचाही क्रमांक द्यावा, अथवा सर्व गीतांस सलग ०१ ते ५६ आकडे घालावेत. काही साधी यंत्रे तर ज्या क्रमाने फाईली उतरविल्या त्याच क्रमाने वाजवितात. तेथे एकेक गीत ओळीने उतरविण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम वडिलांनी रात्री एकट्याने उरकू नये. घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे ते सोपवावे. छप्पन्न नावे त्यास मराठीत वाचावी लागतील, आणि शबरीची भेट आधी की वालीचा वध, असे अडले की आजोबांस फोन करून विचारावे लागेल.