कॉम्प्युटरची मांडणी बदलली तर?



स्वयंपाकघराची मांडणी कुणी आपल्याला न विचारता बदलली, तर काय होईल? मिसळणाचा डबा उजवीकडचा डावीकडे गेला, चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर चढले, की साधा चहा करायलाही दुप्पट वेळ लागतो. वस्तू सगळ्या घरातच असतात, पण हात सवयीने जुन्या जागी जातो आणि रिकामा परत येतो. कॉम्प्युटरमधली विंडोज नव्या रूपात समोर आली, की नेमके असेच होते.

हा गोंधळ फक्त बायकांचा होतो असे मात्र मुळीच नाही हं! १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण असायचे. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आली आणि ते बटणच गायब! बोटाने चालवायचे पडदे आले होते, म्हणून मोठमोठ्या रंगीत चौकटी मांडल्या होत्या. पण घरीदारी माणसे माउसवरच काम करीत होती. मशीन बंद कुठून करायचे, हेच कित्येकांना सापडेना. जगभरातून तक्रारी झाल्या. शेवटी २०१३ साली विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये जुन्या वळणाची यादीसुद्धा. तेव्हा आपल्याला जमत नाही, म्हणजे आपली अक्कल कमी, असे समजू नका.

पण ‘आमचे जुनेच बरे’ म्हणून बसूनही चालत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना एक वर्षाची जादा मुदत दिली गेली, इतकेच. देखभाल थांबली तरी मशीन चालू राहते, पण सुरक्षिततेतल्या नव्या फटी कुणी बुजवत नाही. ज्या मशीनवर आपण बँकेचे व्यवहार करतो, तिथे हे धोक्याचे.

आमच्या ओळखीच्या एक बाई बचत गटाचे हिशेब वर्षानुवर्षे स्वतः ठेवत. घरात विंडोज ११ आली आणि मुलगा म्हणाला, “आई, राहू दे, मीच करतो.” दोन महिन्यांत हिशेब त्याच्या हाती गेले, आणि गटातल्या बायकांनी काही विचारले की यांना म्हणावे लागे, “मुलगा आला की सांगते.” मुलाचा हेतू चांगलाच, पण हातचे काम गेले ते गेलेच! म्हणून मुलांना सांगा, “तू शेजारी बस, माउस माझ्या हातात राहू दे.”

आता काही उपयोगी सूचना :

१) बदल करण्याआधी फोटो, हिशेब, कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

२) जुन्या मशीनवर विंडोज ११ चालेल की नाही, हे ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत सोयीने कळते. ते पाहिल्याशिवाय नवे मशीन घ्यायला धावू नका.

३) विंडोज ११ मध्ये ‘स्टार्ट’ मध्यभागी आले आहे. खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा आणि ‘अलाइनमेंट’मध्ये ‘लेफ्ट’ निवडा. स्टार्ट डावीकडे येईल.

४) फाइलवर उजवे बटण दाबल्यावर ओळखीची यादी दिसली नाही, तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबा. तिथे जुनी यादी आहे.

५) काहीच सापडत नसेल, तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून हवे त्याचे नाव टाइप करा. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस, कंट्रोल-पी या कळा पूर्वीसारखेच काम करतात. मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड बसवलेले असतील, तर विंडोजची कळ आणि स्पेसबार मिळून भाषा बदलते.

६) विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर अजिबातच जमले नाही, तर साधारण दहा दिवसांत ‘रिकव्हरी’मधून मागे जाता येते.

७) ‘तुमचे मशीन बिघडले, या नंबरवर फोन करा’ असे पडद्यावर झळकले, तर फोन करू नका. नवखेपणाचा फायदा घेणारे पुष्कळ असतात.

पाककृतींची वही ठेवतो तशी एक छोटी वही कॉम्प्युटरजवळ ठेवा. नवी गोष्ट सापडली, की आपल्या शब्दांत एका ओळीत लिहा. रोज एकच काम नव्या जागी शोधा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा सोळा आण्यांच्या हिशेबावर वाढलेल्या आपल्या आज्यांनी शंभर पैशांचा हिशेब शिकून घेतलाच ना? पंचवीस पैशांना चार आणे म्हणणे काही त्यांनी सोडले नाही, पण बाजारात त्यांना कुणी फसवू शकले नाही!

तेव्हा या आठवड्यात निदान एक काम, कुणालाही न बोलावता, स्वतः करून तर पाहा.